नायट्रोजनमध्ये सिग्मा वर की पाय? आणि हे ठरवायचं कशावरून?

पीएचडीच्या मुलाखतीत केमिस्ट्रीच्या मुलांना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "नायट्रोजनच्या रेणूची एमओ आकृती काढा." फळ्यावर आकृती निघते. दोन्ही कडांना अणूंच्या रेषा, मध्ये रेणूच्या, त्यात बाण भरलेले, बंधक्रम तीन. इथपर्यंत सगळं सुरळीत. मग पॅनलमधलं कोणीतरी विचारतं, "इथे तुम्ही पाय खाली आणि सिग्मा वर काढलंत. ऑक्सिजनमध्ये उलटं काढता. हे कशावरून?"

बहुतेक जण लगेच सांगतात, "एस-पी मिक्सिंगमुळे, सर." चुकीचं काही नाही त्यात. पण विचारलं होतं "कशावरून" आणि उत्तर दिलं "कशामुळे". कशामुळे म्हणजे कारण, कशावरून म्हणजे पुरावा. एम.एस्सी.पर्यंत आपण बहुतेक वेळा कारणांवर पास होतो. संशोधनात आलं की पुरावा मागतात. आणि या एका छोट्याशा रेणूत, ज्याचा आपण प्रत्येक श्वासात जवळपास चार पंचमांश वाटा ओढतो, हा फरक इतका छान दिसतो की आजची पोस्ट त्याच्यावरच आहे. सिग्मा वर की पाय, याचं प्रयोगाने दिलेलं उत्तर एक आहे, आणि तुमच्या लॅपटॉपवर चालणारं अगदी प्रामाणिक कॅल्क्युलेशन नेमकं त्याच्या उलट उत्तर देऊ शकतं. तेव्हा कोणावर विश्वास ठेवायचा, हे माहीत असायला हवं.

(सुरुवातीलाच सांगून ठेवते, या पोस्टमध्ये पाय म्हणजे ग्रीक अक्षर. चालायचा नव्हे.)

आधी पटकन उजळणी. इलेक्ट्रॉन रेणूत कसा वागतो याचं अचूक समीकरण सोडवता येत नाही, म्हणून आपण अणूंची ऑर्बिटल्स घेऊन त्यांची बेरीज-वजाबाकी करतो. एकाच फेजमध्ये मिळाली तर दोन केंद्रकांच्या मध्ये इलेक्ट्रॉनची घनता वाढते आणि बाँडिंग ऑर्बिटल मिळतं. विरुद्ध फेजमध्ये मिळाली तर मध्ये नोड येतो आणि अँटिबाँडिंग मिळतं. जेवढी अणूंची ऑर्बिटल्स घेतली तेवढीच रेणूची मिळतात, ना एक कमी ना एक जास्त. बंधाच्या अक्षावरून जाणारी ती सिग्मा, अक्षाच्या बाजूने जाणारी ती पाय. हुंड आणि मलिकन यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत उभी केली, "ऑर्बिटल" हा शब्द मलिकनने १९३२ मध्ये वापरात आणला, आणि १९६६ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला मिळालं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

आता एस-पी मिक्सिंग. दोन अणूंची २एस ऑर्बिटल्स मिळून एक सिग्मा बनवतात. अक्षावरची दोन २पी मिळून दुसरं सिग्मा बनवतात. दोघांची सममिती सारखीच. सारख्या सममितीची दोन ऑर्बिटल्स एकमेकांपासून वेगळी राहत नाहीत, ती मिसळतात. मिसळली की खालचं आणखी खाली जातं आणि वरचं आणखी वर ढकललं जातं. पाय ऑर्बिटलची सममितीच वेगळी, त्यामुळे त्याला या भांडणाशी देणंघेणं नाही. वर ढकललेलं सिग्मा पायच्या वर निघून गेलं की आपली "उलटी" आकृती तयार.

मिसळण्याचं प्रमाण २एस आणि २पी यांच्यातल्या अंतरावर ठरतं. बोरॉनमध्ये हे अंतर साधारण ६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, नायट्रोजनमध्ये साधारण १२, ऑक्सिजनमध्ये १६ च्या वर. अंतर वाढलं की मिसळणं कमी होतं, म्हणून ऑक्सिजनपासून पुढे सिग्मा पुन्हा पायच्या खाली. हे झालं "कशामुळे".

"कशावरून" साठी आधी नायट्रोजनच्या डावीकडचे शेजारी बघू. बोरॉनच्या रेणूत शेवटचे दोन इलेक्ट्रॉन सिग्मामध्ये गेले असते तर ते जोडीने बसले असते आणि रेणू चुंबकाकडे ओढला गेला नसता. प्रत्यक्षात बोरॉनच्या रेणूच्या पायाभूत अवस्थेत दोन सुटे इलेक्ट्रॉन आहेत. म्हणजे ते दोन समान ऊर्जेच्या पाय ऑर्बिटल्समध्ये एकेक बसलेत. पाय खाली. चोख पुरावा.

कार्बनच्या रेणूची गोष्ट जास्त मजेदार आहे. हा रेणू बाटलीत भरून ठेवता येत नाही, पण ज्योतीत आणि धूमकेतूंच्या प्रकाशात तो दिसतो. घरच्या गॅसच्या निळ्या-हिरव्या ज्योतीत जो हिरवट अंश असतो, तो याच रेणूच्या स्वान बँड्सचा. हे बँड्स इतके ठळक की बरीच वर्षं त्यांची खालची अवस्था, जिच्यात दोन सुटे इलेक्ट्रॉन असतात, हीच कार्बन रेणूची पायाभूत अवस्था समजली जात होती. १९५९ मध्ये बॅलिक आणि रॅमसे यांनी स्पेक्ट्रम बारकाईने तपासून दाखवलं की सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असलेली अवस्था तिच्याही खाली आहे. किती खाली? फक्त ०.०९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे कार्बनपाशी सिग्मा आणि पाय यांच्यात जवळजवळ बरोबरी आहे, आणि फोटो फिनिशने पाय जिंकलं. आकृतीत आपण दोन रेषा दोन सेंटिमीटर अंतरावर काढून मोकळे होतो, त्यातून हे कधीच कळत नाही.

नायट्रोजनला मात्र ही चुंबकाची युक्ती चालत नाही. सिग्मा वर असो की पाय, दोन्ही पूर्ण भरलेली. सगळे इलेक्ट्रॉन जोडीने. बाहेरून रेणू तसाच दिसणार. मग क्रम कळणार कसा? इलेक्ट्रॉन बाहेर काढून बघायचा, हाच मार्ग.

फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीत हेच करतात. १९६० च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये डेव्हिड टर्नर यांनी वायूंच्या रेणूंसाठी हे तंत्र रुळवलं. हेलियमच्या दिव्यातून ५८.४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. त्याच्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा २१.२२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. हा फोटॉन रेणूवर आदळतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर उडतो, आणि आपण त्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजतो. दिलेल्या पैशातून उरलेली चिल्लर मोजली की वस्तूची किंमत कळते, तसं. २१.२२ मधून गतिज ऊर्जा वजा केली की तो इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागली ते मिळतं.

नायट्रोजनमध्ये तीन ठिकाणी सिग्नल येतो. साधारण १५.६, १७.० आणि १८.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आता प्रश्न असा की यातला सिग्मा कोणता आणि पाय कोणता? पीकवर नाव लिहिलेलं नसतं. इथेच बरीच पुस्तकं घाई करतात आणि थेट लेबल लावून टाकतात. खरी मजा मात्र लेबल कसं लावलं यातच आहे.

नीट पाहिलं तर पहिला सिग्नल म्हणजे जवळजवळ एकच उंच, बारीक पीक. दुसरा सिग्नल म्हणजे बोटांसारखी ओळीने उभी असलेली बरीच पीक्स, त्यात पहिल्यापेक्षा दुसरं उंच. तिसरा पुन्हा जवळजवळ एकटा. ही बोटं कुठून आली? इलेक्ट्रॉन इतक्या झटकन निघून जातो की केंद्रकांना हलायला वेळच मिळत नाही. गेलेला इलेक्ट्रॉन बंधाला घट्ट धरून ठेवणारा असेल तर तो गेल्यावर बंधाची आवडती लांबी बदलते, आणि केंद्रकं अचानक स्वतःला चुकीच्या अंतरावर उभी असलेली पाहतात. ताणलेली स्प्रिंग सोडावी तसा आयन थरथरू लागतो. कंपनाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर तो सापडतो, म्हणून एकाऐवजी ओळीने पीक्स. गेलेल्या इलेक्ट्रॉनचं बंधाशी फारसं नातं नसेल तर लांबी बदलत नाही, कंपन सुरू होत नाही, आणि एकच पीक मिळतं.

आकडेच बघा. नायट्रोजनच्या रेणूत बंधाची लांबी १.०९८ अँगस्ट्रॉम आहे. पहिल्या सिग्नलच्या आयनमध्ये ती १.११६ होते, म्हणजे किंचित फरक. दुसऱ्यात १.१७४, हा मोठा फरक. तिसऱ्यात १.०७५, म्हणजे बंध चक्क आखूड झाला. कंपनाची वारंवारताही तेच सांगते. मूळ रेणूत साधारण २३५९ प्रति सेंटिमीटर, आणि आयनमध्ये अनुक्रमे २२०७, १९०३ आणि २४२०.

दुसरा सिग्नल म्हणजे भक्कम बाँडिंग ऑर्बिटल, हे पाय. पहिला म्हणजे जवळजवळ नॉनबाँडिंग झालेलं सिग्मा. (मिसळल्यामुळे ते वर ढकललं गेलं आणि त्याची घनता दोन अणूंच्या मधून निघून बाहेरच्या टोकांकडे सरकली.) तिसरा म्हणजे २एस पासून आलेलं, थोडंसं अँटिबाँडिंग असलेलं सिग्मा, तिथला इलेक्ट्रॉन गेल्यावर बंध सुधारतो. आयनांच्या स्पेक्ट्रमचा स्वतंत्र अभ्यासही याच्याशी जुळतो. ध्रुवीय प्रकाशात जो निळसर-जांभळा रंग दिसतो, त्यातला ३९१.४ नॅनोमीटरचा प्रकाश या तिसऱ्या अवस्थेतल्या आयनने पहिल्या अवस्थेत उडी मारताना सोडलेला असतो.

म्हणजे "कशावरून सर" याचं उत्तर मिळालं. सर्वांत सहज निघणारा इलेक्ट्रॉन सिग्मातला, त्यानंतर पायमधला.

इथे जरा थांबून बंधक्रमाकडे बघू, कारण परीक्षेत यावर ढीगभर प्रश्न असतात. नायट्रोजनमधून एक बाँडिंग इलेक्ट्रॉन काढला की बंधक्रम ३ वरून २.५. बरोबर. पण तो सिग्मातून काढला तरी २.५ आणि पायमधून काढला तरी २.५. प्रत्यक्षात पहिल्यात बंध ०.०१८ अँगस्ट्रॉमने लांबतो आणि दुसऱ्यात ०.०७६ ने, चौपटीहून जास्त. सूत्र सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकाच भावाने मोजतं. कार्बन मोनॉक्साइडमध्ये तर सूत्र तोंडघशी पडतं. तिथे सर्वांत वरच्या सिग्मातून इलेक्ट्रॉन काढला की बंधक्रम २.५ व्हायला हवा, बंध लांबायला हवा. प्रत्यक्षात तो १.१२८ वरून १.११५ वर येतो आणि वारंवारता २१७० वरून २२१४ वर जाते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडच्या आयनचा बंधक्रम विचारला तर पर्यायात काय आहेत ते बघून उत्तर द्या (परीक्षा पास व्हायची आहे), पण संशोधनात बंधाची ताकद सूत्रावरून ठरवू नका. ऑक्सिजनमध्ये सूत्र छान चालतं: तिथे अँटिबाँडिंग पायमधला इलेक्ट्रॉन काढला की बंध १.२०७ वरून १.११६ होतो. म्हणूनच बहुधा पुस्तकं उदाहरण ऑक्सिजनचं देतात.

आता लॅपटॉप उघडा.

ओर्का किंवा साय-फोर, कुठलंही चालेल. नायट्रोजनवर चांगल्या मोठ्या बेसिस सेटने हार्ट्री-फॉक कॅल्क्युलेशन लावा. काही सेकंदांत ऑर्बिटल ऊर्जांची यादी येते. सिग्मा: साधारण उणे १७.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. पाय: साधारण उणे १६.७. म्हणजे पाय वर, सिग्मा खाली! प्रयोगाच्या बरोबर उलट. बेसिस सेट आणखी वाढवला तरी क्रम सुधारत नाही. प्रोग्राम चुकलेला नाही, तुम्हीही नाही.

मग काय झालं? ऑर्बिटल ऊर्जेचा ऋण आकडा म्हणजे आयनीकरण ऊर्जा, हे आपण गृहीत धरलं. याला कूपमन्सचं प्रमेय म्हणतात. १९३४ मध्ये हे मांडणारा त्यालिंग कूपमन्स नंतर अर्थशास्त्राकडे वळला आणि १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं; केमिस्ट्रीला कंटाळलेल्या मित्रांना ही माहिती सांगायला हरकत नाही. तर या प्रमेयात दोन गोष्टी सोडून दिलेल्या आहेत. एक, इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर बाकीचे इलेक्ट्रॉन जागच्या जागी थिजून बसतात असं धरलंय. प्रत्यक्षात ते सावरून बसतात, जसं एसटीत तिघांच्या बाकावरून एक उतरला की उरलेले दोघे ऐसपैस होतात. त्यामुळे आयनची ऊर्जा कमी होते आणि खरी आयनीकरण ऊर्जा प्रमेयापेक्षा कमी भरते. दोन, इलेक्ट्रॉन एकमेकांना क्षणाक्षणाला चुकवत फिरतात, म्हणजे कोरिलेशन, ते हार्ट्री-फॉकमध्ये नाही. मूळ रेणूत इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून साधारणपणे कोरिलेशनही जास्त; त्यामुळे खरी आयनीकरण ऊर्जा वर जाते. दोन चुका विरुद्ध दिशेच्या, बऱ्याचदा एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून कूपमन्सचं प्रमेय त्याच्या लायकीपेक्षा चांगलं चालतं. नायट्रोजनमध्ये सिग्मा आणि पाय या दोघांसाठी ही वजाबाकी सारखी होत नाही. सिग्मासाठी चूक साधारण १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, पायसाठी पाव-अर्धा. अंतर मुळातच लहान, त्यामुळे क्रमच उलटतो. कोरिलेशन धरणाऱ्या पद्धती, उदाहरणार्थ ग्रीन्स फंक्शन किंवा आयनीकरणासाठीचं कपल्ड क्लस्टर, वापरल्या की क्रम जागेवर येतो.

"मग डीएफटी वापरू," असं तुम्ही म्हणाल. वापरा. साध्या एलडीएमध्ये क्रम बरोबर येतो, सिग्मा वर. पण आकडा बघा: वरच्या सिग्माची ऊर्जा उणे १०.४ च्या आसपास, प्रयोगात १५.६. पाच इलेक्ट्रॉन व्होल्टची चूक. एकीकडे आकडे बरे पण क्रम उलटा, दुसरीकडे क्रम बरा पण आकडे भलतेच. रिसर्च पेपरमध्ये "होमोची ऊर्जा अमुक आहे, म्हणून पदार्थाचा गुणधर्म तमुक" अशी वाक्यं वाचताना हे डोक्यात ठेवा. माझ्या मते आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांतला होमो-लुमोचा तक्ता काढून टाकला तरी प्रबंधाचं काही बिघडणार नाही. असो.

या सगळ्या गोंधळाचं मूळ एकच आहे. प्रयोगात मोजली जाते ती ऑर्बिटलची ऊर्जा नसतेच. मोजला जातो दोन अवस्थांच्या ऊर्जेतला फरक: इलेक्ट्रॉन जाण्याआधीचा संपूर्ण रेणू आणि गेल्यानंतरचा संपूर्ण आयन. नायट्रोजनमध्ये एका ऑर्बिटलला एक आयन-अवस्था अशी सोयीची जोडी लागते, म्हणून फरक लपून राहतो. ऑक्सिजनमध्ये तो उघडा पडतो.

ऑक्सिजनच्या आकृतीत भरलेलं पाय म्हणजे एकच पातळी (दोन समान ऑर्बिटल्सची). तिथून इलेक्ट्रॉन काढला तर एकच सिग्नल यायला हवा ना? येतात दोन, एक १६.१ ला सुरू होणारा, दुसरा १७ च्या आसपास. त्याखालच्या सिग्मासाठीही दोन, १८.२ आणि २०.३. कारण ऑक्सिजनमध्ये आधीच दोन सुटे इलेक्ट्रॉन आहेत. आतून एक काढला की तिथे तिसरा सुटा उरतो. त्या तिसऱ्याचा स्पिन पहिल्या दोघांना समांतर असेल तर एक अवस्था, विरुद्ध असेल तर दुसरी. आकृतीत रेषा एक, प्रयोगात सिग्नल दोन. आकृती चुकलेली नाही. ती ज्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी नव्हतीच, तो प्रश्न आपण तिला विचारला.

ऑक्सिजनवरून आठवलं. "व्हॅलन्स बाँड थिअरीला ऑक्सिजनचं चुंबकत्व सांगता येत नाही, एमओ थिअरीला येतं" हे वाक्य आपण सगळ्यांनी नोट्समध्ये लिहिलंय. लेनर्ड-जोन्स यांनी १९२९ मध्ये एमओ पद्धतीने ते सुंदर सोडवलं हे खरंच. पण पॉलिंग यांनी १९३१ मध्येच व्हॅलन्स बाँडच्या भाषेत, एक जोडीचा बंध आणि दोन तीन-इलेक्ट्रॉनी बंध असं चित्र मांडून, तेच दोन सुटे इलेक्ट्रॉन दाखवले होते. चुकते ती लुईसची दोन रेघांची रचना. मुलाखतीत हे वाक्य म्हणालात आणि समोर कोणी थिअरीवाले बसले असतील तर पुढची दहा मिनिटं अवघड जातील.

आता शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं उदाहरण, मिथेन. अकरावीपासून आपल्याला सांगितलंय की कार्बन चार समान एसपी३ ऑर्बिटल्स बनवतो आणि चार हायड्रोजनांशी चार समान बंध जोडतो. मग चारही बंधांतला इलेक्ट्रॉन काढायला सारखीच ऊर्जा लागायला हवी, सिग्नल एक. स्पेक्ट्रममध्ये येतात दोन. एक रुंद पट्टा, साधारण १३ ते १५ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये पसरलेला, आणि दुसरा थेट २३ च्या जवळ. (हा दुसरा नेहमीच्या हेलियम दिव्याने दिसतच नाही, कारण २१.२२ मध्ये तो परवडत नाही. त्यासाठी हेलियम आयनचा ४०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश लागतो.) एमओ आकृती म्हणते: बरोबरच आहे, तीन समान ऑर्बिटल्स वर आणि एक एकटं खाली.

इथे बरेच जण निष्कर्ष काढतात की एसपी३ खोटं आणि एमओ खरं. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते बारावीच्या गणितातून दाखवता येतं. एक डिटरमिनंट घ्या. पहिली ओळ ३, १. दुसरी ओळ २, ४. किंमत १२ वजा २, म्हणजे १०. आता दुसरा स्तंभ पहिल्यात मिळवा. पहिली ओळ ४, १. दुसरी ६, ४. किंमत १६ वजा ६, पुन्हा १०. स्तंभ बदलले, डिटरमिनंट तोच.

रेणूतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचं मिळून जे वेव्ह फंक्शन आपण हार्ट्री-फॉकमध्ये लिहितो, ते डिटरमिनंटच असतं, आणि त्याचे स्तंभ म्हणजे भरलेली ऑर्बिटल्स. भरलेल्या ऑर्बिटल्सची आपसात योग्य प्रकारे सरमिसळ केली तर ऑर्बिटल्सची रूपं बदलतात, पण वेव्ह फंक्शन, एकूण ऊर्जा, इलेक्ट्रॉनची घनता, काही म्हणजे काही बदलत नाही. मिथेनची चार पसरलेली एमओ (तीन अधिक एक) आणि चार बंधांवर बसवलेली चार सारखी ऑर्बिटल्स ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असा प्रश्नच उद्भवत नाही.

मग प्रयोगात दोन सिग्नल का? कारण प्रयोगात आपण मिथेन नाही, मिथेनचा आयन बघतोय. चार सारख्या बंधांपैकी एकात खड्डा पडला. कुठल्या? चारही सारखेच, म्हणून खड्डा एका जागी थांबत नाही. चार शक्यता एकमेकींत मिसळतात. चार सारख्या गोष्टी चतुष्फलकाच्या सममितीत मिसळल्या की तीन एका ऊर्जेला आणि एक वेगळ्या ऊर्जेला जाते. म्हणजे एसपी३ पासून निघून, आयनसाठी हिशोब नीट पूर्ण केला, तरी तीन अधिक एकच मिळतं. चूक एसपी३ मध्ये नव्हती, खड्डा एकाच बंधात अडकून बसेल असं धरण्यात होती. (पहिला पट्टा इतका रुंद का, तर तीन समान अवस्थांचा आयन चतुष्फलक टिकवून धरू शकत नाही, लगेच वाकडा होतो. यान-टेलर परिणाम.)

म्हणून कुठलं वर्णन वापरायचं हे प्रश्नावर ठरतं. बंधाची लांबी, कोन, एका रेणूतला कार्बन-हायड्रोजन बंध दुसऱ्या रेणूतही तसाच का वागतो, अभिक्रियेत बाण कुठून कुठे काढायचा, यासाठी एका जागी बसवलेली ऑर्बिटल्स सोयीची. इलेक्ट्रॉन निघून जातो किंवा प्रकाश शोषून वर जातो तेव्हा पसरलेली एमओ सोयीची. एकाच प्रबंधात दोन्ही वापरली तरी हरकत नाही, कुठे कुठलं वापरलंय ते लिहा म्हणजे झालं.

२००४ मध्ये "नेचर" मध्ये ओटावाच्या एका गटाने नायट्रोजनच्या सर्वांत वरच्या ऑर्बिटलचं चित्र छापलं, तीव्र लेझरच्या साहाय्याने मिळवलेलं. ऑर्बिटलचा फोटो निघाला अशी चर्चा झाली आणि वादही. आता वरचं सगळं वाचल्यावर तुम्हाला वादाचं मूळ कळेल. भरलेली ऑर्बिटल्स हवी तशी मिसळता येत असतील तर फोटो नेमका कोणाचा? यावरचं काटेकोर उत्तर असं की अशा प्रयोगांत जे येतं ते मूळ रेणू आणि आयनची एक ठरावीक अवस्था यांच्या वेव्ह फंक्शन्समधला फरक, त्याला डायसन ऑर्बिटल म्हणतात. ते दोन अवस्थांवर ठरतं, म्हणून ते मनाप्रमाणे फिरवता येत नाही. आणि बऱ्याचदा ते नेहमीच्या एमओसारखंच दिसतं, त्यामुळे आपल्या आकृत्या इतकी वर्षं निभावून गेल्या.

करून बघायचं असेल तर सुट्टीच्या एका दुपारचं काम आहे. नायट्रोजन, बंधाची लांबी १.०९८ अँगस्ट्रॉम. आधी हार्ट्री-फॉक, मग एलडीए, मग आयनीकरणासाठीचं कपल्ड क्लस्टर. तिन्हींतले सिग्मा-पायचे आकडे एका कागदावर लिहा आणि शेजारी १५.६, १७.० आणि १८.८ लिहा. मग हेच कार्बन मोनॉक्साइडवर करा. तिथे प्रयोगातले आकडे १४.०, १६.९ आणि १९.७ आहेत. तिथे हार्ट्री-फॉक क्रम बरोबर देतं. का देतं, ते शोधून कमेंटमध्ये लिहा. उत्तराची सुरुवात, दोन अणूंची पातळी वेगळी असल्यामुळे वरच्या सिग्माचं काय होतं, इथून करा.